वहिनींचा बारावा खिसा

आमच्या वहिनी कुणाच्याही घरात पहिल्यांदा पाऊल टाकतात तेव्हा एकच प्रश्न विचारतात. "तुमच्याकडे रुसल्यावर कोण कुठे जाऊन बसतं?"

वायफाय बसवायला बोलावलेल्या बाईने हे विचारलं की घरातली माणसं आधी एकमेकांकडे बघतात. नवरा म्हणतो, "छे हो, आमच्याकडे तसलं काही नसतं." बायको म्हणते, "हे गॅलरीत जातात, मी मागच्या खोलीत." मुलगी न विचारता सांगते, "मी बाथरूममध्ये." वहिनी खडू काढून त्या त्या जागी फरशीवर फुली मारतात आणि मगच भिंतीकडे, तारेकडे, डब्याकडे वळतात. त्यांचं म्हणणं असं की माणूस हॉलमध्ये सोफ्यावर बसलेला असतो तेव्हा त्याला इंटरनेट नसलं तरी भागतं, समोर बोलायला चार माणसं असतात. खरी गरज रुसल्यावर. तेव्हा त्याला फोन लागतो आणि फोनला रेंज लागते. तिथे रेंज नसली की तो दुप्पट रुसतो आणि कंपनीला फोन करून तिसऱ्याच माणसावर ओरडतो.

"भावजी, निम्म्या तक्रारी रुसलेल्या माणसांच्या असतात. नेट बिचारं चालू असतं," असं त्या मला सांगतात. मी मान हलवतो. सुट्टीच्या दिवशी वहिनींची शिडी धरायचं काम माझ्याकडे आहे, आणि शिडी धरणाऱ्याने मान हलवायची, शिडी हलवायची नाही, एवढा एकच नियम त्यांनी मला शिकवलेला आहे.

वहिनी या धंद्यात आल्या त्या दादाच्या गुडघ्यामुळे. माझा मोठा भाऊ बावीस वर्षं वायरमन होता. आधी टेलिफोनच्या तारा ओढल्या, मग केबलच्या, मग इंटरनेटच्या. उन्हातान्हात खांबांवर चढला, गच्च्यांच्या कठड्यांवरून चालला, केसालाही धक्का लागला नाही. आणि एका रविवारी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरची बरणी काढताना स्टुलावरून पडला. खांबावरून पडला असता तर लोकांना सांगायला तरी बरं वाटलं असतं, असं तो अजून म्हणतो. डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो उजेडाकडे धरला आणि सांगितलं, यापुढे जिन्याच्या पायऱ्यासुद्धा मोजून.

आता खरी गंमत अशी की त्या बावीस वर्षांत निम्मी दुरुस्ती वहिनीच करत होत्या, घर न सोडता. गिऱ्हाइकांचे फोन घरीच यायचे. वहिनी भाजी निवडता निवडता फोन कानाला लावायच्या. "नेट चालत नाही" म्हटलं की विचारायच्या, "डब्यावर दिवा कुठला लागलाय? लाल की हिरवा? लुकलुकतोय की ठाम आहे? बरं, आता मागची काळी तार काढा, दहा आकडे मोजा, घाई करू नका, आठ खाल्लेत तुम्ही, परत मोजा." समोरचा माणूस मुकाट्याने दहा आकडे मोजायचा. अशा शेकडो डब्यांना त्यांनी बरं केलं होतं, एकाचंही तोंड न बघता.

म्हणून दादा पलंगावर पडल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीला टेकवलेली शिडी उचलली.

दादा म्हणाला, "अगं, तुला झेपेल का? शिडीवर तोल सांभाळावा लागतो."

"इतकी वर्षं तुमच्या डोक्यावर बसलेय ती तोल न सांभाळताच?" वहिनी म्हणाल्या. "शिडी त्यापेक्षा जास्त स्थिर असेल."

पहिले काही आठवडे जड गेले. दार उघडणारा माणूस वहिनींच्या खांद्यावरून जिन्यात डोकवायचा आणि विचारायचा, "साहेब मागून येताहेत का?" वहिनी म्हणायच्या, "आलेत की. तुमच्यासमोर उभे आहेत." तरी तो एकदा डोकवायचाच.

आणि इथे मास्तर येतात. त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही.

आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर मास्तरांचं शिवणकामाचं दुकान आहे. पुढची खोली गिऱ्हाइकांची, मागची कापणीची, मध्ये अंधारा बोळ. मास्तरांना जन्मापासून ऐकू येत नाही. बोलणं हातांनी. ज्यांना ती हातांची भाषा येत नाही त्यांच्याशी ते शिंप्याच्या पांढऱ्या खडूने कापणीच्या टेबलावर लिहून बोलतात. टेबलावर गडद हिरवं जाड कापड ताणून बसवलेलं आहे. वाक्य संपलं की तळव्याने पुसायचं, पुढचं लिहायचं. त्यामुळे मास्तर फालतू बोलत नाहीत, आणि त्यांच्या उजव्या तळव्यावर दिवसभराच्या गप्पांचा पांढरा थर असतो. त्यांची बायको, जिला सगळे मास्तरीणबाई म्हणतात, ती मात्र दोघांच्या वाट्याचं तोंडाने बोलते.

तर सुरुवातीच्या त्या दिवसांत वहिनी अवजारं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरायच्या. एकदा मास्तरांच्या दुकानासमोरच पिशवी फाटली. स्क्रूड्रायव्हर, पक्कड, तारेच्या टोकाला प्लग दाबून बसवायचा चिमटा, सगळं भर रस्त्यात. मास्तरांनी बाहेर येऊन सगळं गोळा केलं, वहिनींना आत नेलं, अवजारं टेबलावर ओळीने मांडली आणि इंचटेप काढून प्रत्येकाचं माप घ्यायला सुरुवात केली. लांबी, घेर, पकडीचं तोंड उघडं असताना आणि मिटलेलं असताना.

वहिनींनी खडू घेऊन लिहिलं, "माझं माप?"

मास्तरांनी लिहिलं, "माणसाचं माप मला दारातून कळतं. पक्कड पहिल्यांदाच गिऱ्हाईक म्हणून आली आहे."

चार दिवसांनी जाड खाकी कापडाचा, छातीपासून गुडघ्यापर्यंतचा एक एप्रन तयार होता. अकरा खिसे. प्रत्येक खिशात एकच अवजार बसेल, दुसरं घातलं तर वरून डोकं काढून तक्रार करेल. वहिनींनी तो घातला त्या दिवसापासून "साहेब मागून येताहेत का" हा प्रश्न बंद झाला. लोकांनी एप्रन बघितला आणि शिडी ठेवायला जागा करून दिली. वहिनी म्हणतात, या धंद्यात मला दोन माणसांनी आणलं. एकाने गुडघा मोडून आणि एकाने खिसे शिवून.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. आणि तीन महिन्यांपूर्वी मास्तरांचं घोडं अडलं.

झालं होतं असं. ऐकू न येणाऱ्या मुलांना हस्तव्यवसाय शिकवणाऱ्या एका संस्थेने मास्तरांना विचारलं होतं, आठवड्यातून तीन दिवस व्हिडिओवरून कापणी शिकवाल का? बारा मुलं, निरनिराळ्या गावांतली. मास्तरांनी चाळीस वर्षं कुणालाच शिकवलं नव्हतं, कारण शिकायला येणाऱ्यांना त्यांची भाषा येत नव्हती. आता बारा जण असे मिळत होते ज्यांना फक्त तीच भाषा येते. मास्तरीणबाई सांगतात, तो निरोप आला त्या दिवशी मास्तर दोन घास जेवले आणि उठून कात्र्यांना धार लावत बसले.

पहिला तास घेतला आणि फजिती झाली. हातांच्या भाषेत चित्र अडखळलं की वाक्यच अडखळतं. मास्तरांनी कापडावर बोट ठेवून खूण केली, "इथे कापायचं", आणि पुढची "नाही" ही खूण करायला हात उचलला तेवढ्यात चित्र गोठलं. बारांपैकी तिघांनी आज्ञाधारकपणे बरोबर तिथेच कापलं. पुढच्या पंधरा मिनिटांत मास्तर सात वेळा गोठले. संस्थेच्या प्रमुख बाईंनी कळवलं, आणखी एक तास घेऊन बघू, शनिवारी अकरा वाजता. तोही असाच गेला तर नाइलाज आहे, मुलांना दुसऱ्या कुणाची तयार चित्रफीत दाखवू.

गुरुवारी वहिनी मास्तरांच्या दुकानात शिरल्या तेव्हा मास्तरीणबाई दारातच म्हणाल्या, "बघा हो काय ते. कालपासून हे इस्त्रीशी सुद्धा बोलत नाहीयेत."

"रुसल्यावर कुठे बसतात?" वहिनींनी विचारलं.

"मागेच. कापणीच्या टेबलाशी."

"बरं झालं. शिकवायचं पण तिथेच आहे. एका फुलीत दोन कामं."

इंटरनेटचा डबा होता पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. आधीच्या कुणीतरी तो दिसायला वाईट दिसतो म्हणून तीन पाकळ्यांच्या मोठ्या आरशामागे लपवला होता. आरशाच्या पाठीला चंदेरी मुलामा. आरशाला लागून कापडांच्या ताग्यांचं लोखंडी कपाट. त्यापलीकडे दीड हात जाडीची भिंत. वहिनी फोन हातात धरून मागच्या खोलीपर्यंत सावकाश चालत गेल्या. फोनवर रेंजच्या कांड्या असतात, त्या मोजत. खिडकीपाशी पाच, कपाटापाशी तीन, बोळात दोन, टेबलाशी एक, आणि तीही येऊन जाऊन.

"रेंज बिचारी आरशात स्वतःचंच तोंड बघून परत फिरतेय," वहिनी म्हणाल्या. मास्तरीणबाईंनी ते हातांनी मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी खडू उचलला. "गिऱ्हाइकंही तेच करतात. आत येतात, आरसा बघतात, परत जातात."

शुक्रवारी सकाळी मी शिडी घेऊन हजर झालो. बेत सोपा होता. पुढच्या डब्यातून एक तार काढायची, कपाटाला वळसा घालून, भिंतीला भोक पाडून बोळाच्या छतापर्यंत न्यायची, आणि तिथे, कापणीच्या खोलीच्या अगदी दारात, ॲक्सेस पॉइंट बसवायचा. ॲक्सेस पॉइंट म्हणजे पांढरी चपटी बशी उलटी लावल्यासारखा डबा. नेट तो स्वतः आणत नाही, तारेने आलेलं नेट हवेत वाटतो. वीज वेगळी द्यावी लागत नाही, त्याच तारेतून जाते. वहिनींच्या भाषेत, पुढचा डबा स्वयंपाकघर आणि हा वाढपी.

भोक पाडायला अर्धा तास गेला. दीड हात भिंतीतून निघालेली सगळी धूळ माझ्या डोक्यावर बसली. मास्तरांनी शिवणकामातला कपडे झाडायचा ब्रश आणून मला खांद्यापासून घोट्यापर्यंत झाडलं, जणू मी ट्रायलला आलेला सूट होतो. मग वहिनींनी लॅपटॉप तारेला जोडला आणि स्टुलावर बसून डब्याच्या पोटात शिरल्या.

"प्रत्येक डबा कारखान्यातून एकच नाव, एकच किल्ली घेऊन येतो. जगाला माहीत असलेली. ती आधी बदलायची," त्या मला सांगत होत्या. "मग बघायचं शेजारीपाजारी कोण कुठल्या पट्टीत गातंय."

शेजारीपाजारी गर्दी होती. बेकरीवाला, वरची मुलींची खोली, पलीकडचा दातांचा डॉक्टर, सगळे एकाच चॅनेलवर, सहा नंबरवर. वहिनींनी आपला डबा अकरावर टाकला, तिथे कुणीच नव्हतं. मग त्याचा जोर कमी केला. मी म्हटलं, कमी? वाढवायला नको?

"भावजी, दारात उभा राहून कुणी ठणाणा बोंबलतं का? टेबल दहा फुटांवर आहे. हळू बोललं तरी पुरे. आणि डब्याने कितीही ओरडून सांगितलं तरी फोनचा आवाज फोनएवढाच. त्याने उत्तर दिलेलं डब्याला ऐकू आलं पाहिजे ना!"

मग नेटवर्कला नाव हवं होतं. मास्तरांनी लिहिलं, "कैची". पासवर्डवर मात्र वेळ गेला. वहिनी म्हणाल्या, निदान आठ अक्षरं हवीत, आणि दातांच्या डॉक्टरांना सुचणार नाही असा हवा, कारण ते आजूबाजूच्या प्रत्येकाच्या वायफायवर आपला दवाखाना चालवतात हे सगळ्या रस्त्याला माहीत आहे. मास्तरांनी जरा विचार केला, मापांची वही उघडली आणि बोट ठेवलं. छाती, पोट, कंबर, उंची. प्रत्येक माप दोन आकडी. चार मापं, आठ आकडे. माप डॉक्टरांचंच.

मास्तरीणबाई पदर तोंडाला लावून खुदकन हसल्या. "अहो, त्यांना ओळखू येईल ना!"

मास्तरांनी लिहिलं, "पोटाचं माप डॉक्टरांनी आजवर कधीच मान्य केलेलं नाही."

वहिनींनी सांगितलं, आकड्यांच्या पुढे एखादा शब्दही घाला, म्हणजे पक्कं. मास्तरांनी "ढगळ" घातला. डॉक्टर दर वेळी शर्ट घट्ट झाल्याची तक्रार करतात, तेव्हा हे तर त्यांच्या स्वप्नातही येणार नाही.

फोनवर पाच कांड्या आल्या. टेबलाशी, इस्त्रीशी, लाकडी पुतळ्याशी, सगळीकडे पाच. पण वहिनींचा कांड्यांवर विश्वास नाही, चालत्या कामावर आहे. त्यांनी घरी दादाला व्हिडिओ लावला आणि सांगितलं, मास्तर शिकवतील तसं करा. तासभर मास्तरांनी फोन चाकाच्या स्टँडवर लावून खोलीभर फिरवला, आणि तासभर दादा पलंगावर बसून उशीचा अभ्रा कापायला शिकला. चित्र एकदाही अडकलं नाही. दादाने अभ्रा झकास कापला, फक्त तो आमच्या नव्या कोऱ्या चादरीतून कापला, ही बाब संध्याकाळी उघडकीला आली.

निघताना मास्तरांनी शिडीवर चढून डब्याला हात लावला आणि खाली येऊन काळजीने लिहिलं, "गरम आहे. बरं आहे ना त्याला?"

वहिनींनी लिहिलं, "थोडा गरम असतोच. फार तापू देऊ नका म्हणजे झालं."

मास्तरांनी ते वाक्य पुसलं नाही. त्याच्याभोवती खडूने चौकट काढली.

शनिवारी सव्वादहाला आम्ही पुन्हा दुकानात. सगळं नीट असलं तरी पहिल्या दिवशी जाऊन उभं राहायचं, अशी वहिनींची पद्धत. दुकान झाडूनपुसून लख्ख. मास्तरांनी स्वतःसाठी शिवलेला, बहुतेक कधीच न घातलेला कोट घातला होता. टेबलावर बारा मुलांसाठी बारा नमुने. मास्तर आणि मास्तरीणबाई दोघंही कसलं तरी हसू दाबून उभे होते. वहिनींना वाटलं, तासाचा आनंद.

त्यांनी फोन काढला. टेबलाशी दोन कांड्या. दोनाची एक झाली. एकाची पुन्हा दोन.

"काल पाच होत्या," वहिनी म्हणाल्या.

त्यांचा एक नियम आहे. बिघाड झाला की आधी डोळा, मग हात, मग स्क्रीन. आधी डब्याकडे बघा, मग हात लावून बघा, आणि त्यानंतरच लॅपटॉप उघडा. फोनवरून बावीस वर्षं त्यांनी हाच मंत्र जगाला दिला. त्यांनी मान वर करून बोळाच्या छताकडे बघितलं. अंधारात पांढऱ्या छताला पांढरी बशी. मधोमध हिरवा दिवा, ठाम. ठीक आहे. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, मधला हात गाळून त्या सरळ लॅपटॉपवर गेल्या.

साडेदहा. चॅनेल बघितला, अकराच. तरी बदलून एकवर टाकला, कांडी हलली नाही. पुन्हा अकरावर आणला. जोर वाढवला. दोनाच्या जेमतेम तीन, लगेच दोन. मुळात पुढच्या डब्यापर्यंत नेट येतंय का बघितलं, पुरासारखं येत होतं. डबा बंद केला, दहा आकडे मोजले, चालू केला. मी बघत होतो, त्यांनी आठ गाळला.

दादाला फोन लावला. दादा म्हणाला, "तारेला प्लग नीट बसलाय का?"

"मी बसवलाय."

"मग प्रश्नच नाही," दादा घाईघाईने म्हणाला. "डॉक्टर घुसलाय का बघ."

डॉक्टर घुसले नव्हते. यादीत सगळे ओळखीचेच फोन दिसत होते, दुकानातले आणि वहिनींचा. खरं तर वहिनींना एखाद्या चोराची त्या क्षणी फार गरज होती.

पावणेअकरा. वहिनींच्या कपाळावर घाम. मास्तर मात्र शांत. मधूनमधून ते वहिनींकडे बघायचे, मग वर छताकडे, मग बायकोकडे, आणि दोघं पुन्हा हसू दाबायचे. मला मनातून वाटलं, किती हा विश्वास! माणसाचं चाळीस वर्षांचं स्वप्न दोन कांड्यांवर लोंबकळतंय आणि हा हसतोय. वहिनींना ते हसू जास्तच लागत होतं. त्या पुटपुटल्या, "भावजी, या माणसाने मला अकरा खिसे दिले. मला त्याला अकराची वेळ साधून देता येऊ नये?" त्यांनी एप्रनच्या खिशांवरून एकदा हात फिरवला. हात पकडीपाशी थांबला. मग त्या एकदम उठल्या.

"शिडी."

"आता? दहा मिनिटं राहिलीत."

"हात राहिलाय," वहिनी म्हणाल्या. "शिडी लावा."

मी शिडी लावली, धरली. वहिनी चढल्या. वर अंधारात त्यांनी डब्याला हात लावला.

"भावजी," वरून आवाज आला, "हा डबा मऊ लागतोय."

"मऊ?"

"आणि याला काज आहे."

खाली मास्तरीणबाईंना आता राहवलं नाही. टाळी वाजवून त्या म्हणाल्या, "दिसलं! दिसलं एकदाचं! मी म्हणत होते सांगू या, हे म्हणाले, नको, त्यांचं त्यांना दिसू दे. काल संध्याकाळी तीन तास बसले होते. डबा थंड राहतोय ना हो?"

त्यांच्याकडे हल्ली थंड पाण्याच्या पिशव्यांची मोठी ऑर्डर असते. बाहेरून कापड, आतून चंदेरी पत्र्यासारखं चकचकीत अस्तर, बर्फ टाकला तरी संध्याकाळपर्यंत विरघळत नाही. "डबा तापू देऊ नका" हे चौकटीतलं वाक्य सारखं समोर. मास्तरांनी विचार केला, आपल्याकडे थंड ठेवायचं अस्तर असताना बिचाऱ्याने का तापावं? त्यांनी डब्याचं माप घेतलं, गोलाईला चुण्या पडू नयेत म्हणून आठ पाकळ्या कापल्या, आतून अस्तर, बाहेरून छताच्या रंगाचं पांढरं कापड, कडेला इलॅस्टिक, आणि हिरव्या दिव्यासाठी बरोबर मध्यभागी हाताने भरलेलं काज. असं बेमालूम शिवलं की छताखाली उभं राहून बघणारीला ते दिसलंच नाही. काखेत कळसा म्हणतात तो डोक्यावर टांगलेला होता.

वहिनी खोळ हातात घेऊन खाली उतरल्या. मास्तर समोर उभे, डोळे चमकत, कौतुकाची वाट बघत. अकराला सातच मिनिटं होती. मला वाटलं, आता हे त्यांना सांगायचं कसं?

वहिनींनी आपला फोन मास्तरांच्या हातात दिला. पाच कांड्या. मग शेजारचा दुकानातला जुना फोन उचलून त्या खोळीत घातला आणि तोंड दाबून धरलं. थोड्या वेळाने किंचित फट करून त्याचा पडदा मास्तरांना दाखवला. कांड्या गळालेल्या. बाहेर काढला, कांड्या परत.

मास्तरांनी ते स्वतः करून बघितलं. आत, बाहेर. आत, बाहेर. जसं एखाद्या बाहीची शिवण उलटीसुलटी करून बघावी. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी खडू उचलला, लिहिलं, "माझ्यामुळे?"

वहिनींनी खडू त्यांच्या हातातून घेतला. "तुमची शिवण इतकी पक्की, की रेंजसुद्धा उसवून बाहेर पडली नाही. आता कोटाचं बटण लावा. अकरा वाजले."

मास्तरांनी दोन वेळा वाचलं. मग ते असे हसले की खडूची धूळ उडाली. बटण लावलं आणि टेबलामागे जाऊन उभे राहिले.

तास मी आणि वहिनींनी बोळातून बघितला, शिडीच्या दोन पायऱ्यांवर बसून. मास्तरांच्या हातांचं बोलणं आम्हांला काडीचं कळत नव्हतं, पण ते कुठेही अडलं नाही एवढं कळत होतं. पडद्यावर बारा चौकोन, बारा चेहरे. एकदा मास्तरांनी कापडावर बोट ठेवलं, कापायची खूण केली, मग हात उचलून ठसक्यात "नाही" केलं. बारा कात्र्या जागच्या जागी थांबल्या. वहिनींनी माझ्या दंडाला इतका जोरात चिमटा काढला की तो तारेच्या चिमट्याने काढला असावा असं वाटलं.

तास संपला तेव्हा पडद्यावरच्या बाराही चौकोनांतून दोन दोन हात वर आले आणि पंजे थरथरले. मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या, "टाळ्या आहेत त्या." तेराव्या चौकोनात संस्थेच्या प्रमुख बाई होत्या. त्यांनी हात वर केले, मग खाली आणून हातांनी काहीतरी सांगितलं. मास्तरीणबाईंनी ते आम्हांला तोंडाने सांगितलं. "सोमवारपासून," एवढंच म्हणाल्या. "सोमवार, बुधवार, शुक्रवार."

वहिनींनीही हात वर केले आणि पंजे हलवले. त्यांच्या हातून शिडी सुटली, पण मी धरून होतो.

आता मास्तरांचे तीन महिने होत आले. बारांचे चौदा झालेत. डॉक्टर अजून पासवर्ड शोधताहेत. मध्यंतरी त्यांनी स्वतःच्या मुलीची जन्मतारीख घालून बघितली, असं बेकरीवाला सांगत होता. टेबलावरची ती चौकट पुसली गेली आणि तिथे नवीन वाक्य आलं आहे, चौकटीतच. "आधी डोळा, मग हात." कापणी शिकणाऱ्यांनाही ते चालतं, असं मास्तरांचं म्हणणं.

खोळ मात्र वाया गेली नाही. शिंपी कापड टाकत नाही. पुढच्या आठवड्यात मास्तरांनी वहिनींचा एप्रन मागून घेतला आणि परत दिला तेव्हा त्याला बारावा खिसा होता. आतून चंदेरी अस्तर, वर झाकण. पाण्याची बाटली ठेवायला, उन्हात पाणी थंड राहावं म्हणून. वहिनी बाटली ठेवतातही.

पण परवा दुपारी दादाने मला फोन केला. आवाज चढलेला. "तुझ्या वहिनीचा फोन तासाभरापासून लागत नाहीये. सकाळी मी जरा बोललो तिला, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून. कुठे आहे ती?"

वहिनी माझ्यासमोरच होत्या, एका जिन्याच्या पायरीवर बसून निवांत चहा पीत. पाण्याची बाटली शेजारी पायरीवर उभी. बाराव्या खिशाचं झाकण नीट लावलेलं.

मी फोनवर हात ठेवून विचारलं, "काय सांगू?"

"सांगा," वहिनी म्हणाल्या, "रुसल्यावर मी इथे बसते." आणि त्यांनी खिशावर थोपटलं. "चहा संपला की काढते बाहेर."